बिल्डिंगला ‘पिंग’ केलं तर काय कळतं? काँक्रीटच्या भेगा, अल्ट्रासाऊंड आणि ऑडिट रिपोर्टमधले आकडे

गेल्या नोव्हेंबरमधली गोष्ट. शनिवारी सकाळी आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन माणसं आली. एकाच्या गळ्यात छोटी पेटी, पेटीतून निघालेल्या दोन वायरी आणि वायरींच्या टोकाला डबीसारखे दोन गोल प्रोब. दुसऱ्याच्या हातात ग्रीसचा डबा. कॉलमचं प्लास्टर दोन बाजूंनी आधीच खरवडून ठेवलं होतं. तिथे ग्रीस फासलं, एक प्रोब या बाजूला दाबला, दुसरा बरोबर समोरच्या बाजूला. स्क्रीनवर आकडा आला, ७१.४. वहीत लिहिला आणि पुढचा कॉलम.

चेअरमन काकांना राहवेना. “काय, पास आहे ना आपली बिल्डिंग?”

तो मुलगा हसला. “काका, हे मार्क नाहीत. हा वेळ आहे. मायक्रोसेकंद.”

मी सॉफ्टवेअरवाला. ‘वेळ’ म्हटल्यावर माझे कान टवकारले. कारण एका टोकाकडून सिग्नल सोडायचा, दुसऱ्या टोकाला पोचायला किती वेळ लागला ते मोजायचं आणि त्यावरून मधल्या रस्त्याची तब्येत ओळखायची, हे काम आम्ही रोज करतो. तुम्हीही करता. गेम खेळताना कोपऱ्यात दिसणारा पिंग दुसरं काय असतो? गंमत म्हणजे १९८३ मध्ये ‘पिंग’ हा प्रोग्राम लिहिणाऱ्या माइक मूस यांनी ते नावच पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून घेतलं होतं. म्हणजे कल्पना आवाजाकडून कॉम्प्युटरकडे आली. पार्किंगमध्ये मी तिचं मूळ रूप बघत होतो.

आत्ताच हा विषय का?

कारण आपल्याकडे बिल्डिंगची तब्येत अजूनही मुख्यतः वयावरून ठरवली जाते.

ऑगस्ट २०२५ मध्ये, गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री, विरारमध्ये रमाबाई अपार्टमेंटचा एक भाग कोसळला. १७ माणसं गेली. त्याआधी २४ ऑगस्ट २०२० ला महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पडली, तिथे १६ जण गेले. विरारची इमारत तिशीच्या जवळपासही नव्हती आणि महाडच्या इमारतीला तर दहा वर्षंही झाली नव्हती.

आता नियम बघा. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब नुसार ३० वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्यांचं दर तीन वर्षांनी ऑडिट करायला सांगितलं आहे. कागदावर ठीक आहे. पण काँक्रीट वाढदिवस बघून खराब होत नाही. वाळू खारी होती का, काँक्रीट नीट दाबून भरलं का, बाथरूमची गळती किती वर्षं मुरत राहिली, यावर ते ठरतं. आमची बिल्डिंग १९९३ ची. ऑडिट २०२३ मध्येच व्हायला हवं होतं. विरारची बातमी व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली तेव्हा कुठे सगळे जागे झाले.

म्हणूनच वय सोडून प्रत्यक्ष काँक्रीटच्या आत डोकावणारी टेस्ट महत्त्वाची. तिचं नाव अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी, साइटवरच्या भाषेत ‘यूपीव्ही’.

मडकं वाजवून घ्यायची हायटेक पद्धत

बाजारात मडकं घेताना आजी ते बोटाने वाजवून बघते. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर कुठेतरी चीर आहे. यूपीव्हीचं तत्त्व याच्या जवळचं आहे, फक्त इथे नाद ऐकायचा नसतो, वेग मोजायचा असतो.

एका प्रोबमध्ये एक खास स्फटिक असतो. त्याला शेकडो व्होल्टचा क्षणिक झटका दिला की तो थरथरतो आणि काँक्रीटमध्ये ध्वनीचा एक ठोका सोडतो. हा ठोका साधारण ५४ किलोहर्ट्झचा असतो. माणसाला २० किलोहर्ट्झच्या पुढचं ऐकू येत नाही, म्हणून हा अल्ट्रासाऊंड. समोरचा प्रोब तो ठोका पकडतो आणि मशीन प्रवासाचा वेळ दाखवतं. अंतराला वेळेने भागलं की वेग मिळाला. पाचवीचं गणित.

चांगल्या घट्ट काँक्रीटमध्ये ध्वनी सेकंदाला चार-साडेचार किलोमीटर वेगाने धावतो. पाण्यात तो साधारण दीड किलोमीटर धावतो आणि हवेत सेकंदाला जेमतेम ३४० मीटर. खरी मेख इथेच आहे. काँक्रीटमध्ये भेग असेल, पोकळी असेल किंवा खडीभोवती सिमेंट पोचलंच नसेल, तर तिथे हवा असते. काँक्रीटमधून आलेला ध्वनी हवेच्या सीमेवर जवळजवळ सगळाच मागे फिरतो. मग ठोक्याला पोकळीला वळसा घालून जावं लागतं. रस्ता लांबतो, वेळ वाढतो, हिशेबातला वेग कमी दिसतो. ट्रॅफिक जॅम झाला की डिलिव्हरीवाला गल्लीबोळातून येतो आणि उशीर होतो, तसंच.

ग्रीसचं कारणही हेच. प्रोब आणि काँक्रीट यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी ठोका आत शिरत नाही. सोनोग्राफीच्या वेळी पोटावर जेल लावतात ते यासाठीच.

मग सोनोग्राफीसारखं चित्र का दिसत नाही? सोनोग्राफीत ध्वनी काही मेगाहर्ट्झचा असतो. तो काँक्रीटमध्ये सोडला तर खडीवर आपटून विखरून जाईल. म्हणून काँक्रीटसाठी जाडा, कमी फ्रिक्वेन्सीचा आवाज लागतो. ५४ किलोहर्ट्झला काँक्रीटमध्ये एका लहरीची लांबी ७४ मिलिमीटरच्या आसपास येते. २० मिलिमीटरची खडी तिला फारशी अडवत नाही, पण त्यामुळेच बारीक तपशीलही दिसत नाहीत. आता एकाच बाजूने अनेक प्रोब लावून, परत आलेले आवाज कॉम्प्युटरवर जुळवून आतलं चित्र काढणारी मशीनं आहेत, पण साध्या सोसायटीच्या ऑडिटमध्ये बहुतेक वेळा ही दोन प्रोबची पेटीच येते. या प्रकारातल्या एका जुन्या आणि प्रसिद्ध मशीनचं नाव ऐकून तुम्हाला हसू येईल: ‘पंडित’. इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून केलेलं आहे, पण नाव शोभतं!

भेग किती खोल? पायथागोरस सांगेल

भिंतीवर तडा दिसला की घरात दोन पक्ष पडतात. “काही नाही, प्लास्टर फुटलंय” आणि “बिल्डिंग पडणार!” दोघंही फक्त वरून बघत असतात. फोटो बघून भेगा शोधणारे एआय ॲपही वरूनच बघतात. त्यांना भेगेची लांबी-रुंदी कळते, खोली नाही. आणि भेग प्लास्टरमध्ये संपते की कॉलमच्या आत सळईपर्यंत गेली आहे, यावरच तर सगळं अवलंबून.

प्लास्टर काढल्यावरही भेग काँक्रीटमध्ये दिसत असेल तर दोन्ही प्रोब एकाच बाजूला ठेवतात, भेगेच्या डावीकडे एक आणि उजवीकडे एक, सारख्या अंतरावर. समजा प्रत्येकी १२० मिलिमीटरवर. आधी भेग नसलेल्या जागी तेवढ्याच, म्हणजे २४० मिलिमीटर अंतरावर प्रोब ठेवून बघितलं. ६० मायक्रोसेकंद लागले. म्हणजे वेग एका मायक्रोसेकंदाला ४ मिलिमीटर, अर्थात सेकंदाला ४ किलोमीटर.

आता भेगेवर ७५ मायक्रोसेकंद लागले. ध्वनी तोच, काँक्रीट तेच, म्हणजे रस्ताच लांबला. ७५ गुणिले ४, ३०० मिलिमीटर. ठोका भेगेच्या तळापर्यंत तिरका खाली गेला आणि तिरकाच वर आला. जायला १५०, यायला १५०. आता काटकोन त्रिकोण डोळ्यासमोर आणा. कर्ण १५०, एक बाजू १२०, तर दुसरी बाजू? ९०. भेग ९० मिलिमीटर खोल.

‘हे गणित पुढे कुठे उपयोगी पडणार?’ असं शाळेत विचारलं होतं ना? इथे.

तक्त्यातले चार शब्द

भारतीय मानक ब्युरोने या टेस्टसाठी १९९२ मध्ये ‘आयएस १३३११ भाग १’ हे मानक आणलं. २०१८ मध्ये त्याच्या जागी ‘आयएस ५१६’ मालिकेतला सुधारित भाग आला, तरी अनेक रिपोर्टमध्ये अजून जुनाच तक्ता दिसतो. तो असा आहे, वेग किलोमीटर प्रति सेकंदात:

- ४.५ च्या वर: उत्कृष्ट
- ३.५ ते ४.५: चांगलं
- ३.० ते ३.५: मध्यम
- ३.० च्या खाली: शंकास्पद

शेवटचा शब्द नीट वाचा. ‘शंकास्पद’ आहे, ‘नापास’ नाही. मानकच सांगतंय की इथे थांबा आणि आणखी तपासा. हा तक्ता काँक्रीट किती एकसंध आहे ते सांगतो. ते किती वजन पेलेल हे त्यावरून थेट काढता येत नाही. त्यासाठी काँक्रीटचा गोल तुकडा, म्हणजे कोअर, कापून लॅबमध्ये दाबून फोडावा लागतो. सळई गंजली आहे का, हेही यूपीव्ही थेट सांगत नाही. त्याला हाफ-सेल पोटेन्शियल नावाची वेगळी टेस्ट आहे. मुंबईसारख्या खाऱ्या हवेत ती महत्त्वाची, कारण गंज चढला की तो लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, सळई फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. भेग वर दिसते तोवर आत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

आकडा खरा, तरी रिपोर्ट फसवा

मशीन खोटं बोलत नाही हे मान्य. पण त्याला काय विचारलं आणि कुठे विचारलं, हे माणूस ठरवतो. चार ठिकाणी घोळ होऊ शकतो.

पहिला, अंतराचा. समजा वेळ आला ८० मायक्रोसेकंद. नकाशात कॉलम ३०० मिलिमीटरचा आहे म्हणून ३०० धरलं, तर वेग येतो ३.७५, म्हणजे ‘चांगलं’. प्रत्यक्षात कॉलम २७० चाच भरला असेल तर वेग ३.३७, म्हणजे ‘मध्यम’. तीन सेंटिमीटर टेपने न मोजल्यामुळे पूर्ण श्रेणी बदलली.

दुसरा, पाण्याचा. भेगेत हवा असेल तर ध्वनी अडतो, पण पाणी भरलं असेल तर बराचसा पार जातो. ओलं काँक्रीट तसंही कोरड्यापेक्षा जास्त वेग दाखवतं. म्हणजे भर पावसात, गळक्या कॉलमवर घेतलेलं रीडिंग त्याची तब्येत आहे त्यापेक्षा बरी दाखवू शकतं.

तिसरा, सळईचा. स्टीलमध्ये ध्वनी काँक्रीटपेक्षा जोरात धावतो, सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास. प्रोब नेमके सळईच्या रेषेत आले तर ठोक्याला एक्स्प्रेस-वे मिळतो आणि आजूबाजूचं कमकुवत काँक्रीट लपून जातं. भेगेतून आरपार सळई जात असेल तर भेग उथळ भासते. म्हणून आधी सळई शोधणारं यंत्र फिरवून मग प्रोबची जागा ठरवायची असते.

चौथा घोळ सगळ्यात मोठा आणि सगळ्यात साधा, सरासरीचा. दहा कॉलम आहेत. आठांचा वेग ४.०, दोघांचा २.५. सरासरी ३.७. तक्त्यात बघितलं, ‘चांगलं’! पण बिल्डिंग सरासरीवर उभी राहत नाही. ती त्या दोन कॉलमवरसुद्धा उभी आहे.

आमच्या धंद्यात याला टेस्ट कव्हरेजचा प्रश्न म्हणतात. शंभर टेस्ट पास झाल्या म्हणून कोड बरोबर असतो असं नाही. जिथे बग आहे त्या फाइलवर टेस्ट लिहिलीच नसेल तर सगळं हिरवं दिसणारच.

एकच बिल्डिंग, दोन रिपोर्ट

मुंबईत ऑडिटनंतर इमारतीला श्रेणी मिळते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, लगेच रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाच दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती.

ही अक्षरं कागदावर छोटी असली तरी त्यांवर लोकांची घरं ठरतात. पागडीच्या इमारतीत मालकाला सी-१ हवं असतं आणि भाडेकरूंना भीती असते की एकदा बाहेर पडलो की परत येणं नाही. सोसायटीत रिडेव्हलपमेंट हवी असणारे एका बाजूला आणि ‘दुरुस्ती करू, आहे तसं राहू’ म्हणणारे दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजू आपापला इंजिनिअर आणतात आणि एकाच इमारतीचे दोन वेगळे रिपोर्ट तयार होतात. हे इतकं नेहमीचं आहे की असे वाद सोडवायला महापालिकेला तांत्रिक सल्लागार समिती ठेवावी लागली.

आणि ‘ठीक आहे’ असा शेरा मिळाला म्हणजे निश्चिंत व्हावं, असंही नाही. १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीबाहेरचा हिमालय पूल कोसळला आणि ७ जणांचा जीव गेला. आधीच्या ऑडिटमध्ये तो पूल किरकोळ दुरुस्ती करून वापरण्यायोग्य ठरवला गेला होता.

मग टेस्टवर विश्वास ठेवायचाच नाही का? उलट. टेस्टवर ठेवा, शेऱ्यावर ठेवू नका. शेरा हे कोणाचं तरी मत असतं. रीडिंग हा पुरावा असतो आणि तो तुम्ही मागू शकता.

आमच्याकडे काय झालं

आमचा रिपोर्ट आला तेव्हा ग्रुपवर फक्त शेवटचं पान टाकलं गेलं: ‘सरासरी वेग ३.६, दर्जा चांगला, किरकोळ दुरुस्ती सुचवली जाते.’ खाली पंचवीस नमस्कार आणि अंगठे.

मी सेक्रेटरींकडे पूर्ण फाइल मागितली. “तू काय सिव्हिलचा आहेस का?” असं ऐकून घेतलं, पण फाइल मिळाली. परिशिष्टात १४ कॉलमची रीडिंग होती. मी मोबाइलवर पार्किंगचा नकाशा काढला, त्यावर एकेक आकडा टाकत गेलो. दहा मिनिटांचं काम. चौदाही ठिकाणं समोरच्या, कोरड्या, जिथे सहज पोचता येतं अशा बाजूला. मागच्या डक्टजवळ, जिथे चारही मजल्यांच्या संडास-बाथरूमचे पाइप उतरतात, तिथलं एकही रीडिंग नाही. आणि पोपडे सुटलेत, तडे गेलेत ते सगळं तिथेच.

कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. डक्टमध्ये घाण असते, वास येतो, प्लास्टर काढून दिलेलं नव्हतं. पण परिणाम तोच. मी नकाशाचा फोटो ग्रुपवर टाकला. दोन दिवस शांतता. मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकू सभेत म्हणाल्या, “आमच्या बाथरूमखालचा कॉलम आहे तो. आम्हाला कळू दे की.”

पेटीवाला मुलगा परत आला. आधी डक्ट साफ केला, गळती बंद केली, काही दिवस सुकू दिलं, मग रीडिंग घेतली. दोन कॉलम ३ च्या खाली आले, २.७ आणि २.९. तिथे कोअर काढले, टेकू लावले. अंतिम रिपोर्टमध्ये ‘किरकोळ’ शब्द गेला आणि त्या दोन कॉलमच्या स्ट्रक्चरल दुरुस्तीचा अंदाजपत्रकासह उल्लेख आला. प्रत्येक घराची वर्गणी वाढली, त्यावरून लोक माझ्यावर थोडे चिडलेही आहेत. असो.

तुम्ही काय करू शकता?

आधी हे सांगून टाकतो, तुमचा फोन ही टेस्ट करू शकत नाही. गॅलक्सी एस १० सारख्या फोनमध्ये २०१९ पासून स्क्रीनखाली अल्ट्रासॉनिक फिंगरप्रिंट सेन्सर आला, पण तो काचेपलीकडचं बोट वाचण्यापुरता आहे. साधारण फोनचा माइक सेकंदाला ४८ हजार नमुने घेतो, म्हणजे २४ किलोहर्ट्झच्या पुढचं त्याला पकडता येत नाही. ‘फोनने भिंतीचा अल्ट्रासाऊंड करा’ म्हणणारं ॲप दिसलं तर सरळ डिलीट करा.

पण फोनचा खरा उपयोग आहे. भेगेचा फोटो काढा, शेजारी मिलिमीटरची पट्टी धरून, दर महिन्याला, त्याच कोनातून. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. जुन्या पद्धतीत भेगेवर काचेची पट्टी चिकटवत. भेग वाढली की काच तडकायची. वाढणारी भेग ही थांबलेल्या भेगेपेक्षा नेहमीच जास्त काळजीची. आयएस ४५६ हे काँक्रीटचं मानक नेहमीच्या परिस्थितीत ०.३ मिलिमीटरपर्यंतची भेग चालवून घेतं, सतत ओल असेल तिथे ०.२ आणि त्याहून कठीण वातावरणात ०.१. कॉलम किंवा बीमवर त्याहून मोठी भेग दिसली तर सोसायटीला लेखी कळवा.

आणि ऑडिट झालं की हे पाच प्रश्न विचारा:

१. सगळी रीडिंग कुठे आहेत, आणि ती नकाशावर दाखवली आहेत का?
२. गळतीच्या, ओल्या, तडे गेलेल्या जागांची किती रीडिंग घेतली?
३. कॉलमची जाडी टेपने मोजली की नकाशातून उचलली?
४. सुरुवातीला मशीन रेफरन्स बारवर तपासलं होतं का?
५. सगळ्यात कमी आकडा कोणता, आणि तिथे पुढे कोणती टेस्ट केली?

पाचवा प्रश्न विसरू नका. ऑडिट नीट झालं असेल तर त्याचं उत्तर इंजिनिअरकडे तयार असतं. आमच्या पहिल्या रिपोर्टमध्ये ते नव्हतं, कारण तो आकडा घ्यायला कोणी डक्टमध्ये उतरलंच नव्हतं.